एकट्याचा निश्चय पुरतो काय?

गेल्या चातुर्मासातली गोष्ट. एका गावी सप्ताहाचे कीर्तन आटोपून आम्ही देवळाच्या ओवरीत टेकलो होतो. मंडळी पाया पडून घरोघर गेली होती. विणेकरी तेवढा उभा होता. इतक्यात एक बाई पुढे आल्या. त्यांच्यामागे, पायरीच्या खाली, एक गृहस्थ उभे होते. ते वर येत नव्हते आणि माघारीही जात नव्हते.

"महाराज, एक मागणं हाय," बाई म्हणाल्या. "ह्यांच्या गळ्यात माळ घाला. उद्या एकादशी हाय. एकदा माळ पडली की दारू सुटंल. तुमच्या शब्दाभाईर जायाचे न्हाईत."

अशी मागणी आम्हांस नवी नाही. माळ घातली आणि त्याच दिवशी दारू सुटली, पोरेबाळे सुखाला लागली, अशी घरे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. परंतु त्या रात्री आमचा हात पुढे झाला नाही. आम्ही म्हणालो, "माई, माळेचं मागाहून बघू. आधी आपण एक पत्ता शोधू."

बाई गोंधळल्या. हे वाचून कित्येक वाचकही गोंधळतील, काही रागावतीलही. माळ मागावयास आलेल्यास कीर्तनकाराने थांबवावे, ही कोणती रीत? त्यांचे म्हणणे रास्त आहे. म्हणून आमचा हात का थांबला आणि कसला पत्ता शोधावयाचा होता, हे सविस्तर सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

बारा वर्षांपूर्वी अशाच एका गृहस्थाच्या गळ्यात आम्ही माळ घातली होती. माणूस कष्टाळू, बोलावयास गोड. पण सकाळी उठल्याबरोबर घोटभर घेतल्याखेरीज त्यांच्या हातात चहाची बशी ठरत नसे. देवासमोर त्यांनी शपथ घेतली, आणि सांगावयास हवे की ती मनापासून घेतली. त्या दिवशी एक थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुसऱ्या रात्री अंगाला कापरे भरले, घामाने सदरा भिजला. तिसऱ्या दिवशी त्यांना भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या, आढ्यावर बसून कोणी हाका मारीत आहे असे वाटू लागले, आणि संध्याकाळी फेफरे आल्यासारखा झटका आला. कोणी म्हणाले बाहेरची बाधा झाली, कोणी देवऋष्याला बोलवा म्हणाले. आणि आम्ही काय म्हणालो? आम्ही म्हणालो, "मनोनिग्रह कमी पडतो आहे. नाम घ्या." एका शहाण्या शेजाऱ्याने जीप आणून त्यांना दवाखान्यात नेले म्हणून ते वाचले. महिन्याभराने त्यांनी पुन्हा घेतली. माळ काढून देवळाच्या खुंटीला अडकवली आणि त्यानंतर आम्ही गावात गेलो की ते गावाबाहेर जात. आम्हीही त्यांच्या घरची वाट विसरलो. नेम मोडलेल्या माणसाकडे जाऊन बोलावयाचे काय, असे तेव्हा आम्हांस वाटे.

पुढे एका डॉक्टरांनी आम्हांस समजावून सांगितले, तेव्हा आमचे डोळे उघडले. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचे शरीर त्या दारूवर बेतून राहिलेले असते. ती एकाएकी तोडली की पहिल्या दिवसातच थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवस उलटले की काहींना भ्रम होतो, नसलेले दिसते, नसलेले ऐकू येते. आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास त्यात माणूस दगावूही शकतो. ज्याला आम्ही निग्रहाची कसोटी समजत होतो ते शरीराचे दुखणे होते, आणि त्यावर औषध होते. म्हणजे आमच्या पवित्र हेतूने एका माणसाचा जीव जावयाचा राहिला. हेतू पवित्र होता एवढ्याने माणूस दोषातून सुटत नाही. माहीत करून घेणे हाही धर्माचाच भाग आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मद्यपी हा पापी की रोगी? आपल्या समाजात या प्रश्नावर दोन तट आहेत. एक पक्ष म्हणतो, हात त्याचा, पेला त्याचा, घशाखाली तोच ओततो. मग रोग कसला? हा सरळ दुराचार आहे, आणि दुराचारावर उपाय म्हणजे निश्चय. दुसरा पक्ष म्हणतो, बिचारा रोगी आहे, त्याला बोल लावू नका. पहिल्या पक्षाला दुसऱ्याची भीती वाटते, आणि ती अगदीच खोटी नाही. रोगी म्हटले की जबाबदारी गेली. मग बायकोला मारले तरी रोगाने मारले, पोराच्या फीचे पैसे उडवले तरी रोगाने उडवले. असे म्हणू दिले तर घर बुडेल.

आमच्या मते दोन्ही पक्ष एका गोष्टीची गल्लत करतात. ताबा सुटणे निराळे आणि जबाबदारी सुटणे निराळे. मधुमेहाचा रोगी घ्या. साखर अंगात जिरत नाही हा त्याचा अपराध नव्हे. निश्चयाने ती जिरावयाची नाही. परंतु औषध घेणे, पथ्य पाळणे, डॉक्टरकडे जाणे हे त्याच्याच पायांनी व्हावयाचे आहे. मद्यपीचेही तसेच. पहिला पेला पोटात गेल्यावर थांबणे पुष्कळदा त्याच्या हाती राहत नाही. पण जेथे मदत मिळते त्या दारापर्यंत जाणे त्याच्या हाती राहते. ज्यांचे त्याने नुकसान केले त्यांचे ऋण फेडणेही राहते. म्हणून 'माझा ताबा गेला आहे' हे मान्य करणे म्हणजे पळवाट नव्हे. खरी जबाबदारी तेथून सुरू होते. जोवर माणूस 'मी मनात आणीन तेव्हा सोडीन' म्हणतो, तोवर तो कोणाच्याही दाराशी जात नाही.

परंतु त्या दारापर्यंत तरी त्याने एकट्याने जावे काय? येथे एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत ओहायो प्रांतात अॅक्रन म्हणून शहर आहे. १९३५ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कचे एक दलाल, बिल विल्सन, धंद्याच्या कामासाठी तेथे गेले होते. ते अट्टल मद्यपी. पण डिसेंबर १९३४ मध्ये इस्पितळातून बाहेर पडल्यापासून पाच महिने त्यांनी दारूला स्पर्श केला नव्हता. त्या पाच महिन्यांत त्यांनी दुसऱ्या मद्यप्यांना सुधारण्याचा सपाटा लावला होता. परिणाम काय? एकही सुधारला नाही. त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर सिल्कवर्थ यांनी त्यांना सांगितले की उपदेश करणे बंद करा. (हे वाचताना आम्ही, ज्यांचा धंदाच उपदेशाचा, थोडे ओशाळलो.) पण त्यांच्या पत्नी लोइस यांनी एक गोष्ट ध्यानात आणून दिली: दुसरे कोणी सुधारले नसेल, पण या खटपटीत तुम्ही स्वतः कोरडे राहिलात.

अॅक्रनमध्ये त्यांचे काम फिसकटले. शनिवारची संध्याकाळ, परके गाव, खिशात थोडे पैसे, आणि हॉटेलच्या दिवाणखान्याच्या एका टोकाला मद्यालय. आतून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि शेजारी गावातल्या प्रार्थनामंदिरांची यादी लावलेली होती. निश्चय त्यांच्याजवळ पाच महिन्यांचा होता. पण त्या घटकेला तो पुरणार नाही हे त्यांनी ओळखले. त्यांनी एका धर्मोपदेशकाला फोन केला, तेथून आणखी नावे मिळवली, आणि फोनवर फोन करीत राहिले. विचारीत होते ते इतकेच, की मला बोलावयास एखादा मद्यपी मिळेल काय? शेवटी हेन्रिएटा सीबरलिंग नावाच्या बाईंनी त्यांना दाद दिली आणि दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, आपल्या घरी डॉक्टर बॉब स्मिथ यांची गाठ घालून दिली. हे शल्यवैद्य स्वतः दारूने पोखरले गेले होते. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही या अटीवर ते आले, आणि रात्री अकरा वाजून गेल्यावर उठले. का? कारण त्यांच्यासमोर आजवर उपदेश करणारे पुष्कळ बसले होते, पण आपलेच दुखणे आपल्याच तोंडाने सांगणारा पहिल्यानेच बसला होता.

त्यानंतरही डॉक्टर बॉब एकदा घसरले. एका वैद्यक परिषदेला गेले असता त्यांनी पुन्हा प्यायली. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस मानला जातो, आणि तोच 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' म्हणजे 'अनामिक मद्यपी' या मंडळीचा जन्मदिवस धरतात. सभासद तिला नुसते 'एए' म्हणतात. ज्याच्यापासून संस्थेचा आरंभ मोजतात तोच पहिल्या भेटीनंतर घसरला होता, हे आपण नेम मोडणाऱ्याला हिणवण्यापूर्वी आठवावे. भारतात हे काम १९५७ साली मुंबईत सुरू झाले. आज महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी मराठीतून या सभा भरतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही आपल्या वाचकांपैकी अनेकांना ऐकून माहीत असेल. तेथे उपचार होतात, आणि घरी गेल्यावरही माणसाशी संबंध तोडीत नाहीत.

अॅक्रनच्या हकीकतीत एक तत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. बिल विल्सन दुसऱ्याला शोधीत होते ते त्याच्यावर उपकार करण्यासाठी नव्हे. स्वतःचा जीव वाचवावा म्हणून. देणाऱ्यालाच घेणाऱ्याची गरज होती. आपण परोपकार म्हणतो तेव्हा वर बसलेला एक आणि खाली बसलेला एक अशी कल्पना करतो. खाली बसलेल्याला ते जाचते. तो मान डोलावतो आणि घरी जाऊन पुन्हा पितो. येथे दोघेही एकाच बाकावर बसतात, कारण दोघांनाही बुडण्याची सारखीच भीती असते. मग हा स्वार्थ म्हणावा की परमार्थ? आम्हांस वाटते, जेथे हा प्रश्नच विरघळतो तेथे काही खरे घडत असते.

असो. त्या बाई व त्यांचे यजमान यांच्याकडे वळू. पत्ता शोधावयाचा ठरला खरा, पण तो मिळणे सोपे नव्हते. देशी दारूचे दुकान कोठे आहे हे गावातले शेंबडे पोर सांगेल. परमिट रूमच्या पाट्या एस.टी. स्टँडवरूनच दिसतात. पण दारू सोडू इच्छिणारे कोठे बसतात, हे आम्ही औषधाच्या दुकानात विचारले, तर दुकानदाराने आमच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिले आणि हसू दाबले. एका दवाखान्यात सांगितले, "बंद करा म्हणावं, दुसरं काय!" शेवटी १४४४६ या सरकारी मदतवाहिनीवर फोन केला. हा फोन फुकट आहे. तेथून जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जावयास सांगितले. तेथील डॉक्टरांनी यजमानांना तपासून आठ दिवस ठेवून घेतले, औषधे दिली, कापरे आणि झटके येऊ दिले नाहीत. निघावयाच्या दिवशी औषधे बांधून देणारा एक मनुष्य हळूच म्हणाला, "गुरुवारी संध्याकाळी सात वाजता नगरपालिकेच्या शाळेत या. मीपण येतो तिथं. सात वर्षं झाली." दाराची जेवढी चौकशी आम्ही महिनाभर केली तिचे उत्तर असे आम्हांस औषधाच्या खिडकीतून मिळाले.

गुरुवारी यजमान निघेनात. "महाराज, कोणी बघितलं तर?" आम्ही विचारले, "दुकानात जाताना कोणी बघत नव्हतं काय?" ते म्हणाले, "तिथं सगळेच जातात. लाज हिथं वाटते." हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. बुडताना लाज वाटत नाही आणि वर येताना वाटते, ही तऱ्हा केवळ त्या गृहस्थांची नव्हे. आपण समाज म्हणून ती घडवली आहे. दारू पिणाऱ्याची आपण चेष्टा करतो, पण सोडू पाहणाऱ्याची जास्त करतो: "किती दिवस टिकतंय बघू!"

आम्ही सोबत गेलो. या सभा दोन प्रकारच्या असतात. काही फक्त मद्यप्यांसाठी, काही सर्वांसाठी खुल्या. ती खुली होती म्हणून आम्हांस बसता आले. लहान मुलांचे बुटके बाक, फळ्यावर दुपारचे गणित तसेच, कोपऱ्यात चहाची किटली. दहा-बाराजण होते. तेथे कोण होते व काय बोलले हे आम्ही लिहिणार नाही. त्या खोलीतले त्या खोलीत ठेवावे असा तेथील नियम आहे आणि आम्ही त्याला बांधलेले आहो. फक्त रीत सांगतो. ज्याला बोलावयाचे तो आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी आहो असे म्हणतो आणि स्वतःचीच कथा सांगतो. दुसऱ्याच्या बोलण्यावर टीका नाही, मध्ये तोंड घालणे नाही, उपदेश नाही. कोणाची नोंद नाही, प्रवेशाची फी नाही. सभासद होण्यास एकच गोष्ट लागते, ती म्हणजे पिणे थांबवावे ही इच्छा. आणि प्रतिज्ञा जन्माची नाही, आजच्या दिवसाची. आज पहिला पेला घ्यावयाचा नाही. उद्याचे उद्या.

आमची स्वतःची फजिती मात्र सांगावयास हरकत नाही. आम्ही जाताना मनात छोटेसे निरूपण जुळवून नेले होते. संधी मिळताच घसा साफ केला, तर चालक हात जोडून म्हणाले, "माऊली, आज नुसतं ऐका." आयुष्यात पहिल्यानेच आम्ही तासभर नुसते ऐकले. शेवटी एक डबा फिरला. आम्हीही दहा रुपये टाकावयास गेलो, तर तोही हात त्यांनी मागे फिरवला. ते बाहेरच्यांचे पैसे घेत नाहीत. खोलीचे भाडे आणि चहा सभासदांच्या वर्गणीतूनच होतो. ज्यांना सारा गाव फुकट पिणारे, उधारी बुडवणारे म्हणतो, ते येथे एक पैसाही कोणाचा घेत नव्हते! देणगी मागणाऱ्या आम्हां धार्मिक मंडळींनी हे मनावर कोरून ठेवण्यासारखे आहे.

आता काही शंका. पहिली शंका अशी की नाव लपविणे हा खोटेपणा नव्हे काय? पश्चात्ताप असेल तर उघड करावा. यावर आमचे म्हणणे असे: जो उघड सांगू इच्छितो त्याला कोणी अडवीत नाही. परंतु आपण लाजेची भिंत उंच बांधून ठेवावी आणि मग 'भिंतीवरून उडी मारून ये' असे बुडत्याला म्हणावे, हा न्याय नव्हे. अनामिकतेचा आणखी एक उपयोग आहे. नाव गेले की मोठेपणही जाते. तेथे पाटील नाही, साहेब नाही, हमाल नाही. आणि 'मी एवढी वर्षे प्यालो नाही' या बढाईची दुकानदारीही मांडता येत नाही. दिंडीत लहानथोर एकमेकांच्या पायां पडतात, त्यामागचा हेतू याहून निराळा आहे काय?

दुसरी शंका देवाविषयी आहे. त्या मंडळींच्या बारा पायऱ्यांत आपल्याहून मोठ्या शक्तीचा आधार घ्यावा असे सांगितले आहे. मग काही वाचक विचारतील, ती शक्ती म्हणजे आमचा विठ्ठलच ना? मग तिकडे कशाला जावे, देवळात यावे. येथे आपण जपून बोलले पाहिजे. देव ज्याला जसा कळेल तसा त्याने मानावा, असे त्या पायऱ्यांतच म्हटले आहे. त्या बाकांवर मुसलमान बसतो, ख्रिस्ती बसतो, देव न मानणाराही बसतो, आणि त्यालाही आधार सापडतो. पुष्कळांना तर ती भोवतालची मंडळीच पुरेशी मोठी शक्ती वाटते. तेथे जाऊन आपली पताका रोवू नये. वारकऱ्याने तेथे वारकरी म्हणून न जाता बुडता म्हणून जावे. विठ्ठल त्याच्यासोबत येईलच.

तिसरी शंका विचार करणाऱ्या तरुणांची: हे सारे भावनेचे काम झाले, याने खरोखर गुण येतो काय? तर २०२० साली कॉक्रेन या संस्थेने, जी वैद्यकातल्या पुराव्यांची छाननी करते, २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसे यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की या सभांना लावून देण्याचे पद्धतशीर कार्यक्रम, मद्यापासून अखंड दूर राहण्याच्या बाबतीत, दुसऱ्या प्रचलित मानसोपचारांपेक्षा सरस ठरतात. याचा अर्थ प्रत्येकाला गुण येतो असा नाही. कोणाला औषधे लागतात, कोणाला केंद्रात राहावे लागते, कोणाला एक सभा रुचत नाही व दुसरी रुचते. सभा म्हणजे इस्पितळ नव्हे. पण इस्पितळातून आठव्या दिवशी घरी यावयाचे असते, आणि नववा दिवस कोणाच्या आधाराने काढावा, याचे उत्तर सभेत मिळते.

आणि गरज केवढी आहे पाहा. २०१९ साली केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्स या संस्थेकडून करविलेली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत देशात मद्य घेणारे सुमारे १६ कोटी, आणि ज्यांना मद्यामुळे त्रास होऊन मदतीची गरज आहे असे सुमारे ५ कोटी ७० लाख आढळले. जे पुरते आहारी गेले आहेत अशा ३८ जणांमागे एकाला काही ना काही उपचार मिळाला होता. उरलेले ३७ कोठे आहेत? ते आपल्याच गल्लीत आहेत, कीर्तनाच्या मागच्या रांगेत आहेत, पायरीच्या खाली उभे आहेत.

मग माळेचे काय? आम्ही माळेला उणे म्हणत नाही. माळ हे भूषण आहे, व्रत आहे. पण तिला औषधाची पुडी करू नये. आजाऱ्याच्या गळ्यात ती औषध म्हणून घातली, आणि तो पुन्हा घसरला, की त्याच्यावर दारूचा दोष होताच, वर देवद्रोहाचा दोष बसतो. मग तो तोंड दाखवीत नाही. ज्या व्रताने माणूस आपल्याजवळ यावा त्याच व्रताने तो दूर पळतो. आळंदीहून निघालेला वारकरी पंढरपूर एका दिवसात गाठीत नाही. आजचा मुक्काम गाठतो. पाय मुरगळून एखादा मागे राहिला तर दिंडी त्याला 'तू वारी मोडलीस' असे म्हणत नाही. कोणी पाय चोळून देतो, आणि तो पुन्हा चालू लागतो. वाटेवरच्या माणसाला हा न्याय, तर दारूतून निघालेल्याला निराळा का? आणि मुख्य म्हणजे, वारी एकट्याने होत नाही हे ज्या संप्रदायाने शेकडो वर्षे जाणले, त्याने मद्यपीला मात्र 'एकटा निश्चय कर' म्हणावे, हे आपल्याच रीतीच्या विरुद्ध आहे.

घरच्या मंडळींसाठी दोन शब्द. नवऱ्याच्या पिण्याचा बोल बायकोला लावण्याची दुष्ट चाल आपल्यात आहे. बाईने कमी बोलावे, जास्त सोसावे, मग तो सुधारेल म्हणतात. हे खोटे आहे. तिने प्यायला लावली नाही आणि तिला सोडवताही येणार नाही. तिला स्वतःचाच आधार हवा. म्हणूनच लोइस विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली 'अल-अनॉन' हे मद्यप्यांच्या घरच्यांचे निराळे मंडळ उभे केले. तेही आपल्याकडे आहे. आणि पिणारी व्यक्ती बाई असेल तर तिला दुप्पट लाज सोसावी लागते. तिच्यासाठी दार दुप्पट उघडे ठेवले पाहिजे.

म्हणून वाचकहो, आमची विनंती थोडी आहे. आपल्या तालुक्यात अशी सभा कोठे व कोणत्या वारी भरते याची चौकशी आजच, गरज नसताना करून ठेवा. रोज पिणाऱ्याने सोडावयाचे म्हटले तर आधी डॉक्टरकडे न्या. पहिल्या दिवशी त्याला पत्ता लिहून देऊन मोकळे होऊ नका. दारापर्यंत सोबत जा. सभा त्यांच्यापुरतीच असेल तर बाहेर कट्ट्यावर बसून राहा. आणि ज्यांच्या देवळाला मोकळी खोली आहे त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ ती देऊ करावी. ते भाडे देतील; ते घ्यावे, कारण त्यांचा तो नियम आहे. आमच्या विश्वस्तांपुढे आम्ही ही गोष्ट काढली, तेव्हा एकजण म्हणाले, "दारुडे देवळात?" आम्ही म्हणालो, "नाही. दारू सोडणारे देवळात." अजून ठराव झालेला नाही. पण आम्ही तो विषय सोडणार नाही.

त्या बाईंच्या यजमानांचे काय झाले, असे वाचक विचारतील. दिवाळीत ते एकदा घसरले. पुढच्या गुरुवारी पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसले. याहून अधिक सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही.

एक गोष्ट मात्र आमचीच आहे, ती सांगून पुरे करतो. गेल्या माघात आम्ही बारा वर्षांपूर्वीच्या त्या गृहस्थांच्या घरी गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते; अंग फार उतरले होते. आम्ही खाली बसून म्हणालो, "चूक आमची होती. तुम्ही आजारी होता आणि आम्ही तुम्हांला उपदेश केला. मग फिरकलोही नाही." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "महाराज, तुमची वाट दोन वर्षं पाहिली. मग सोडून दिली." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही शाळेतल्या त्या सभेविषयी सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले,

"कोणत्या वारी असते?"

"गुरुवारी."

"संगती कोण येणार?"

आम्ही म्हणालो, "आम्ही येतो."

रामकृष्णहरी.